साबणाच्या कारखान्यातली फुले

फिकट जमिनीवर गुलाबांचा गुच्छ, भोवती वळणदार पानांची चौकट: असा लोकरी गालिचा दिसला की दुकानदार त्याला 'फ्रेंच' म्हणतो. त्यात फ्रेंच नेमके काय? विणीची गाठ तर तुर्की. पूर्वेकडच्या गालिच्यांपायी देशातला पैसा बाहेर जातो, हे फ्रान्सच्या चौथ्या हेन्री राजाला खुपत होते. म्हणून १६०८ मध्ये पिएर द्युपाँ या विणकराला लूव्हर राजवाड्यात जागा मिळाली. पुढे त्याचा सहकारी सिमाँ लूर्दे याने पॅरिसलगत शायो इथल्या साबणाच्या जुन्या कारखान्यात माग मांडले आणि अनाथ मुलांना हे काम शिकवले. 'साव्हाँ' म्हणजे साबण; त्यावरून 'साव्होनरी' हे नाव पडले. या कामाला खुद्द फ्रेंच लोकच 'तुर्की धाटणी'चे म्हणत. आपला 'गालिचा' हा शब्द फारसीतून आला, तसे त्यांचे तंत्रही उसनेच.

मग फ्रेंचपण फुलांत असेल? तेही पटत नाही. साव्होनरीच्या सुरुवातीच्या गालिच्यांवर काळपट जमिनीवर ओळखू येतील अशी फुले दाटीने विणलेली आहेत, हे खरे. पण त्याच सुमारास शहाजहानच्या कारागिरांनीही लाल जमिनीवर जिवंत वाटणारी फुलझाडे उभी केली होती. वेगळेपण आहे ते मांडणीत. अनेक इराणी गालिच्यांत नक्षी काठाखाली शिरून पुढेही चालूच असावी, असा भास होतो. काठ तिला केवळ अडवतो. साव्होनरीत चित्रकार आधी खोली बघतो. चौदाव्या लुईच्या काळात लूव्हरच्या लांबलचक दालनासाठी ९३ गालिच्यांची मागणी नोंदवली गेली. आराखडे दरबारी चित्रकार शार्ल ल ब्रँच्या देखरेखीखाली झाले. मधोमध मुख्य चौक, दोन्ही टोकांना चित्रे, भोवती दगडी कोरीवकामासारखी पाने: जणू छतच जमिनीवर उतरले. चित्रातली रेघ विणीत चुकू नये म्हणून ताण्याचा दर दहावा धागा वेगळ्या रंगाचा असे. गाठींचे फासे पात्याच्या सळीवर घेत. सळी ओढली की ते एकदम कापले जात.

यावर आक्षेप निघेल, की १६८२ मध्ये दरबार व्हर्सायला गेला आणि ज्या दालनासाठी एवढा खटाटोप केला त्याचे महत्त्वच ओसरले. मग खोलीचा मुद्दा उरतो कुठे? माझ्या मते तो तिथेच सिद्ध होतो. दालन मागे पडले, तरी त्याचा आराखडा विणीत शाबूत राहिला. फ्रान्समधल्याच ओब्युसाँ गावात १७४३ पासून गालिचे होऊ लागले. तिथली नंतरची सपाट, बिनगाठीची वीण स्वस्त पडे, म्हणून ती राजवाड्याबाहेरच्या दिवाणखान्यांतही पोहोचली. वरचे छत साधे झाले, पण मधला गोल, त्यातला गुच्छ आणि चौकट टिकली. आज हाच आराखडा उत्तर प्रदेशातल्या भदोहीच्या मागांवरही विणला जातो. त्याला नक्कल म्हणायचे, तर साव्होनरीची तुर्की गाठही नक्कलच ठरेल. गाठ तुर्कांची, हात भदोहीचे; फ्रेंच आहे ती खोलीची कल्पना, आणि म्हणूनच असा गालिचा भिंतीकडे सरकवला की तो चुकीच्या जागी पडल्यासारखा दिसतो.