कबाब, चाप आणि घरची शेगडी

वाचक हो, स्मरणिकेत इतिहासाचा लेख म्हटला की लढाया, सनावळ्या आणि थोर पुरुषांची चरित्रे यांची अपेक्षा असते. मी मात्र आज तुम्हाला शेगडीजवळ बसवणार आहे. निमित्त एका विद्यार्थ्याच्या निबंधाचे. "कबाब मोगलांनी हिंदुस्थानात आणला" असे एक वाक्य त्यात होते आणि "मिक्स्ड ग्रिल ही इंग्रजांची देणगी होय" असे दुसरे. दोन्ही वाक्ये अर्धी खरी आहेत, आणि अर्धे खरे वाक्य खोडणे फार कठीण असते.

मिक्स्ड ग्रिल म्हणजे एकाच ताटात निरनिराळ्या प्रकारचे भाजलेले मांस. इंग्रजांच्या ताटात चाप, गुर्दा, कलेजी, सॉसेज, डुकराच्या मांसाचे काप आणि सोबत भाजलेला टोमॅटो असे. डुकराचे मांस वगळले तर हे ताट आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. बकरी ईदच्या संध्याकाळी आपल्या घरात याहून वेगळे काय असते?

आता जरा मागे जाऊ. कालिदासाच्या 'शाकुंतला'तील दुसरा अंक ज्यांनी वाचला असेल त्यांना आठवेल, राजाबरोबर शिकारीला आलेला विदूषक शुळावर भाजलेले मांस खावे लागते म्हणून कुरकुरतो. शूळ म्हणजे सळई. त्याहून महत्त्वाचा पुरावा आपल्या दख्खनचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. या ग्रंथाच्या अन्नभोग प्रकरणात मांसाच्या तुकड्यांना भोके पाडून, त्यांत मसाला भरून ते सळईवर भाजण्याची कृती आहे. सुपारीएवढे कलेजीचे तुकडे निखाऱ्यावर भाजून, मसाल्यात परतून दह्यात किंवा मोहरीच्या पाण्यात सोडण्याची कृती आहे. मसाला भरलेली आतडी भाजण्याचीही आहे. (शेतातले उंदीर भाजण्याचीही आहे, पण ते राहू द्या.) चाप सोडला तर इंग्रजी ताटातले बरेचसे इथे आले! त्या वेळी दिल्लीची सल्तनत स्थापन व्हायला पाऊणशे वर्षे होती आणि बाबराच्या जन्माला साडेतीनशे.

मग बाहेरून काय आले? कबाब, सीख, खिमा हे शब्द अरबी, फारसी आणि तुर्कीच्या वाटेने आले, आणि त्यांच्याबरोबर मांस हाताळण्याच्या अनेक तऱ्हा आल्या. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त कबाबाचे प्रमाण दिले आहे: दहा शेर मांसाला अर्धा शेर तूप, मीठ, आले, कांदा, आणि जिरे, धने, मिरी, वेलची, लवंग. यात मिरचीचे नाव नाही. मिरची आणि टोमॅटो ही अमेरिकेची रोपे पोर्तुगीजांनंतर आपल्याकडे रुजली. म्हणजे आज जो झणझणीत कबाब आपण 'शाही' म्हणून खातो, तो अकबर बादशहाच्या मुदपाकखान्यात कोणी ओळखला नसता.

असो. आता मुंबईत येऊ, तेही माझ्या लहानपणीच्या गल्लीतून. आमचे बिऱ्हाड फणसवाडीजवळच्या एका चाळीत होते, गाव अलिबागकडचे. फणसवाडीत आता फणस औषधालाही सापडणार नाही, पण १७८३ साली प्रतिष्ठापना झालेले पारशी बांधवांचे दादीशेठ आतश बेहराम तिथे आहे. तिथून चालत अर्ध्या तासाच्या आत क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई. १८६९ मध्ये बांधून झालेल्या या मंडईला मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचे नाव होते. चाप, गुर्दा, कलेजी वेगवेगळी मागून घ्यायची ती इथे. धोबी तलावाकडे इराण्यांची हॉटेले, भेंडी बाजारात सीख कबाबाच्या अंगीठ्या, आणि कुलाब्यात १९४६ पासून बडेमियांची गाडी.

पण तुम्हाला सांगायचे आहे ते घरचे. दादीची शेगडी ईदच्या संध्याकाळी गच्चीवर चढत असे. मजल्यावरची बरीच बिऱ्हाडे शाकाहारी होती. धूर त्यांच्या घरात जाऊ नये म्हणून मामू शेगडी आणि मी कोळशाची टोपली घेऊन तीन जिने चढत असू. यात कोणी कोणाला काही सांगितले नव्हते, तो रिवाज होता. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू दादीला विचारीत, "काय हो, काल वारा बरा होता ना?" एवढेच.

दादीचे शास्त्र साधे होते, पण पक्के. ज्याला वेळ लागतो ते आधी. कोंबडीच्या तंगड्या आणि चाप पहिल्यांदा, मग बोटी, मग खिम्याच्या सीखा, आणि कलेजी-गुर्दा अगदी शेवटी. कलेजी दोन मिनिटे जास्त राहिली की चामडे होते. तिला मीठसुद्धा दादी भाजून झाल्यावर लावी. गुर्दा उभा चिरून आतली पांढरी शीर काढायची आणि मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचा. चापाला आले-लसूण, दही आणि कच्च्या पपईचा कीस. पपईत मांस मऊ करणारा अंश असतो, म्हणून चमचाभर पुरे आणि दोन तासांपेक्षा जास्त नको. एकदा मामूने रात्रभर ठेवले तर चापाचे मांस हाडावरून लापशीसारखे गळून पडले. सीखेचा खिमा बारीक, त्यात पाचवा हिस्सा चरबी, आणि बांधणीला भाजलेल्या चण्याचे पीठ. सहा माणसांना सहा चाप, अर्धा किलो खिमा, पाव किलो कलेजी, चार गुर्दे पुरत. निखारा पांढरा पडल्याशिवाय काही ठेवायचे नाही. ज्वाळेवर मांस करपते, शिजत नाही. कडेच्या मंद आचेवर कांदे-टोमॅटो.

गावी याचेच दुसरे रूप थंडीत दिसे. पोपटी! मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मसाला लावलेली कोंबडी, अंडी, बटाटे, ओवा आणि जाडे मीठ. तोंड पाल्यानेच बंद करून मडके पालथे घालायचे आणि भोवती पेंढा-पाचोळा पेटवायचा. पाण्याचा थेंब नाही. रायगड जिल्ह्यात सर्व जातिधर्मांच्या घरांत ती होते. तिला मोगली म्हणावे की इंग्रजी? त्या विद्यार्थ्याला मी हाच प्रश्न विचारला.

१९५५ साली बर्मा शेल कंपनीने मुंबईत स्वयंपाकाचा गॅस आणला आणि पुढच्या वीस-तीस वर्षांत शेगड्या माळ्यावर गेल्या. दादीच्या हयातीतच आमचीही गेली. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणामुळे बेकऱ्या व उपाहारगृहांच्या कोळसा-लाकडाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस वा तत्सम इंधनावर नेण्याचा आदेश दिला. शहराची फुप्फुसे पाहता त्याला विरोध करवत नाही, पण जीव हळहळतो. बंद खोलीत तर कोळसा कधीच पेटवू नका. त्याचा विषारी वायू वासाने कळत नाही आणि माणसे झोपेत दगावतात.

आमच्या घरी आता जाड तवा असतो. भाजण्याचा क्रम दादीचाच. सर्व मांस तव्यावर झाले की भांड्याच्या मधोमध कांद्याची पाकळी ठेवून त्यात एक लाल निखारा, त्यावर अर्धा चमचा तूप, आणि लगेच झाकण. पाच मिनिटांनी, खिडक्या उघड्या ठेवून, झाकण काढतो. नात दरवेळी तेवढ्यासाठी शेजारी येऊन उभी राहते.