आणेवारी आणि पाण्याचा ताळेबंद

पीक आण्यांत मोजायची आपली रीत जुनी. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. तलाठी, मामलेदार शिवारात उभं पीक पाहत आणि गावाचा आकडा ठरे. समाजशास्त्रात ज्याला मूल्यमापन म्हणतात, ते आपल्या चावडीवर असं फार आधीपासून चाललेलं होतं. 1957 साली दशमान नाणी आली, आणेवारीची पैसेवारी झाली. धाकधूक मात्र तीच. आकडा पन्नास पैशांच्या आत, तर टंचाईच्या सवलती मिळायच्या. थोडा वर गेला, की कागदावर दुष्काळच नसे! मोजणारा पाहुणा आणि भोगणारं गाव. मग आकडा कमी यावा असंच गावाला वाटे. त्यात गावाचा काय दोष?

आता नगर तालुक्यातलं हिवरे बाजार पाहा. 1972च्या दुष्काळानं मोडलेलं हे गाव. पुढे पोपटराव पवार सरपंच असताना तिथं पाणी अडवलं, झाडं लावली, आणि मोजायचं कामही गावानं आपल्याच हाती घेतलं. पडलेला पाऊस मोजायचा आणि ग्रामसभेत ताळेबंद मांडायचा: आधी माणसं नि गुरं, मग शेती. पाऊस कमी, तर जास्त पाण्याची पिकं नाहीत. उसाला तिथं थारा नाही. आणि हा आकडा खोटा सांगून काय मिळणार? विहीर आपलीच.