कुटुंबात बायबलकथांचे कथन

बायबलमधील कथा घरात मोठ्याने सांगण्याची प्रथा मराठी ख्रिस्ती समाजाला नवी नाही. येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. नवख्रिस्ती लोकांना पूर्वीच्या पुराणांच्या जागी श्रवणासाठी काही हवे होते. म्हणून जुन्या व नव्या करारातील कथा फादरांनी सुमारे ११ हजार मराठी ओव्यांत गुंफल्या. १६८४ साली पोर्तुगीज शासनाने देशी भाषेवर निर्बंध घातले. १६५४ च्या आवृत्तीनंतर हा ग्रंथ पुन्हा छापला गेला तो थेट १९०७ साली, मंगळूरला. मधली अडीचशे वर्षे त्याला हस्तलिखितांनी व भाविकांच्या वाचनाने तारले.

येडगाव परिसरातील कुटुंबांनाही हे कथन कठीण जाऊ नये. रात्री जेवणानंतर आजीने एकच कथा सांगावी, तीही ग्रंथ न उघडता. दुसऱ्या दिवशी मुलाने ती आपल्या शब्दांत सांगावी. तो चुकला तरी मध्येच अडवू नये. शेवटी मूळ उतारा सर्वांनी मिळून वाचावा. कुकडीवरील धरणाच्या काठी राहणाऱ्यांना गालील सरोवरातील जाळी समजावून सांगावी लागत नाहीत. पेरणाऱ्याच्या दाखल्यापाशी मात्र मुले अडतात: पाभरीने पेरणारा शेतकरी वाटेवर बी का सांडील? प्रश्न रास्त आहे, तो दडपू नये. त्या काळी तिकडे बी मुठीने फेकून पेरीत, एवढे सांगितले की दाखला उलगडतो.

रविवारचे शुभवर्तमान शनिवारी रात्रीच घरात सांगून ठेवावे. मिस्सामध्ये ते कानी पडताच मुले मान वर करून ऐकतात.