गणिताच्या प्राध्यापकाने तोललेली नाणी

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याच्या बुरूड राजाच्या कोटाचे, म्हणजे तेथील प्राचीन स्तूपाचे, उत्खनन केले, तेव्हा अवशेषपात्रांबरोबर सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणे मिळाले आणि त्यावरील नावामुळे स्तूपातील ठेवीचा काळ ठरवण्यास आधार लाभला. त्याहून जुनी आहत नाणी, म्हणजे धातूच्या तुकड्यांवर सुटे सुटे छाप ठोकून केलेली नाणी, मात्र कोणत्याच राजाचे नाव सांगत नाहीत. त्यांचा कालक्रम वजनावरून लावण्याची रीत पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचे प्राध्यापक दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी घालून दिली.

कोसंबी यांचा जन्म १९०७ साली गोव्यातील कोसबेन येथे झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे थोर अभ्यासक होते. त्यांच्याबरोबर दामोदर अमेरिकेत गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे पदवीधर झाले. बनारस आणि अलीगढ येथे शिकवून ते १९३३ मध्ये फर्ग्युसनमध्ये आले व १९४५ पर्यंत तेथे राहिले.

संख्याशास्त्र केवळ पुस्तकातून शिकण्यापेक्षा एखादा प्रत्यक्ष प्रश्न हाती घ्यावा, या विचाराने ते नाण्यांकडे वळले. नाणे हातोहात फिरताना झिजते, पण टांकसाळीतूनच नाणी कमीअधिक वजनाची निघतात आणि प्रत्येकाची झीजही सारखी नसते, म्हणून एकट्या नाण्याच्या वजनावरून त्याचे वय कळत नाही. मोठ्या समूहाचे सरासरी वजन मात्र काळानुसार नियमितपणे घटते आणि प्रसरण, म्हणजे सरासरीभोवतीचा विखुरलेपणा, वाढत जातो. चलनातील आधुनिक नाणी तोलून त्यांनी हे आधी पडताळले आणि मगच तक्षशिलेत सापडलेल्या आहत नाण्यांच्या निधींना हात घातला. तेथे नाण्याच्या मागील बाजूवरील छाप जितके अधिक, तितके सरासरी वजन कमी आढळले. त्यावरून हे छाप चलनातील नाण्यांच्या वेळोवेळी झालेल्या तपासणीचे असावेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे त्यांच्या इतिहासलेखनाची कीर्ती झाली, तरी पुराव्याकडे पाहण्याची त्यांची शिस्त या तराजूपाशीच घडली, असे म्हणणे योग्य ठरेल.

१९४४ मध्ये त्यांनी जनुकांमधील अंतर मोजण्याचे सूत्र मांडले, जे आनुवंशिकीत आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९४५ ते १९६२ ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. १९६६ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

पुण्याच्या वास्तव्यात घाटवाटा आणि लेणी पायी धुंडाळताना त्यांनी कार्ल्याच्या चैत्यगृहाचा विशेष अभ्यास केला. तेथील एका स्तंभावर सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाचे, म्हणजे धर्मवचने मुखोद्गत म्हणणाऱ्या भिक्षूचे, दान कोरलेले आहे. वसईच्या किनाऱ्यावरील बंदर आणि घाटमाथ्यावरील लेणे यांच्यातील नाते सांगणारा हा मोलाचा पुरावा असला, तरी कोसंबी अशा एकेका नावावर थांबले नाहीत; व्यापारी, कारागीर, भिक्षू आणि यवन, म्हणजे ग्रीक, अशा सर्व दात्यांचा त्यांनी एकत्र विचार केला आणि लेण्यांच्या जागांची बंदरांकडून वर चढणाऱ्या व्यापारी मार्गांशी सांगड घातली.