आभासी वास्तवातील स्पर्शप्रत्यय
संगणकाने निर्माण केलेल्या व प्रत्यक्षात अस्तित्वात नसलेल्या वस्तूचा आकार, कठीणपणा, वजन, खडबडीतपणा इ. गुणधर्म हाताला जाणवून देण्याचे तंत्र. यास ‘हॅप्टिक’ तंत्र असेही म्हणतात. ही संज्ञा स्पर्शवाचक ग्रीक शब्दावरून आली असून जर्मन मानसशास्त्रज्ञ माक्स देस्वार यांनी १८९२ मध्ये ती स्पर्शविषयक अभ्यासासाठी सुचविली.

तत्त्व : दृश्य व ध्वनी यांचे मुद्रण करून ते दूरच्या व्यक्तीला दाखविता किंवा ऐकविता येतात, पाहणारा स्वस्थ बसला तरी चालते. स्पर्शाचे तसे नाही. हात वस्तूवर दाब देतो त्याच क्षणी वस्तूही हातावर उलट दाब देते आणि या परस्परक्रियेतूनच वस्तूचे ज्ञान होते. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे दाखविली की हालचाल सलग भासते. परंतु आभासी भिंत कठीण वाटावयाची, तर हाताची स्थिती मोजून प्रतिबलाचे गणित सेकंदाला सु. १,००० वेळा करावे लागते. हा वेग अपुरा पडल्यास भिंत मऊ लागते किंवा उपकरण थरथरू लागते. शिवाय स्पर्शाची घटकांगे दोन आहेत : त्वचेतील ग्राहींमुळे दाब, कंप व पोत कळतात, तर स्नायू व सांधे यांतील ग्राहींमुळे बल व अवयवांची स्थिती कळते. बहुतेक उपकरणे यांपैकी एकाच घटकाची पूर्तता करतात.

इतिहास : जर्मन शरीरक्रियावैज्ञानिक ई. एच्. व्हेबर यांनी १८३४ मध्ये स्पर्शाच्या मोजमापाचा पाया घातला. कंपासाची दोन टोके निरनिराळी जाणवण्यासाठी त्यांच्यात लागणारे किमान अंतर बोटाच्या अग्रावर सु. २ मिमी., तर पाठीवर त्याच्या अनेक पट असते, असे अशा प्रयोगांवरून दिसून आले.

प्रतिबल देणारी यंत्रे मात्र अणुसंशोधनाच्या गरजेतून निर्माण झाली. किरणोत्सर्गी पदार्थ दुरून हाताळण्यासाठी अमेरिकेतील आरगॉन प्रयोगशाळेत रेमंड गर्ट्‌झ यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस यांत्रिक हातांची जोडी तयार केली. १९५४ मध्ये तिचे विद्युत् चलित रूप पुढे आले. पलीकडच्या हातास होणारा विरोध अलीकडच्या हातास जाणवे. आयव्हन सदरलँड यांनी १९६५ मध्ये संगणकाच्या आदर्श प्रदर्शनाची कल्पना मांडताना त्यात दृश्याबरोबर बलाचाही अंतर्भाव केला. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९६७ मध्ये ‘ग्रोप’ हा प्रकल्प सुरू केला. रेणू एकमेकांत कसे बसतात, हे रसायनवैज्ञानिकांना हाताने अनुभवता यावे, हा त्याचा हेतू होता. त्यासाठी आरगॉनच्याच यांत्रिक हातांचा उपयोग करण्यात आला. परंतु त्या काळच्या संगणकांचा वेग अपुरा असल्याने रेणूंपर्यंत पोहोचण्यास १९९० साल उजाडले.

सुमारे याच वेळी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) येथे मंडयम श्रीनिवासन यांनी स्पर्शसंशोधनाची प्रयोगशाळा स्थापिली (१९९०). त्याच संस्थेत टॉमस मॅसी व केनेथ सॉल्झबरी यांनी ‘फँटम’ हे मेजावर मावणारे उपकरण तयार केले. त्यातील टोपणात बोट घातले, की आभासी वस्तूचा पृष्ठभाग बोटाला अडवितो. २००२ मध्ये एमआयटी व युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथील दोन व्यक्तींनी अटलांटिक महासागराच्या दोन तीरांवरून एकच आभासी ठोकळा मिळून उचलला.

महाराष्ट्रातील कार्य : मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत (पवई) सुभाशिष चौधुरी व त्यांचे सहकारी यांनी सांस्कृतिक वारशाच्या वस्तूंना हे तंत्र लावले व २०१२ मध्ये त्यावरील निबंध प्रसिद्ध केला. दृष्टिहीन व इतर अपंग व्यक्तींना कलावस्तूंचा स्पर्शानुभव मिळावा, हा त्यामागील मुख्य उद्देश होता. या पद्धतीत वस्तूच्या पृष्ठभागावरील असंख्य बिंदूंची त्रिमितीय नोंद आधारभूत असते. हाताचा प्रतिनिधी असलेला एक काल्पनिक बिंदू या पृष्ठभागावरच रोखून धरला जातो; प्रत्यक्ष हात जितका आत शिरेल, तितके उलट बल त्याला मिळते. वस्तूचे प्रमाण लहानमोठे करण्याची सोय असल्याने अवाढव्य शिल्प हाताच्या आवाक्यात आणता येते, तसेच बारीक कोरीव काम मोठे करून चाचपता येते.

अशा तंत्राची गरज धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर या स्थळाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. तेर म्हणजे प्राचीन तगर. त्याचा उल्लेख पेरिप्लस या ग्रीक प्रवासवृत्तात आहे. येथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमविलेल्या पुरावस्तूंवर शासकीय संग्रहालय उभे राहिले. तेरच्या मृण्मूर्ती व हस्तिदंती स्त्रीमूर्ती प्रसिद्ध आहेत. या हस्तिदंती मूर्तीशी साम्य असलेली मूर्ती इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडली व ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. हस्तिदंत हवेतील ओलाव्याच्या चढउताराने तडकतो, म्हणून अशी वस्तू कोणाच्याही हाती देता येत नाही. ज्यांना दृष्टी आहे त्यांचे एवढ्याने अडत नाही; दृष्टिहीनांना मात्र संपूर्ण संग्रहालयच बंद राहते. त्रिमितीय नोंदीच्या आधारे तेर व पाँपेई येथील मूर्ती एकाच मेजावर, एकाच हाताखाली तुलनेसाठी आणणे तत्त्वतः शक्य आहे.

मर्यादा : एका बिंदूच्या आधारे होणारा स्पर्श हा काठीच्या टोकाने चाचपण्यासारखा असतो; पूर्ण तळव्याची पकड त्यातून मिळत नाही. तसेच त्रिमितीय नोंदीतून केवळ आकार कळतो. हस्तिदंताचा गुळगुळीतपणा, मातीचा खरखरीतपणा व थंडावा यांसाठी घर्षण, ताठपणा व उष्णतासंवहन यांची मापे स्वतंत्रपणे घ्यावी लागतात. मूळ वस्तू झिजल्यावर किंवा भंगल्यावर ही मापे घेता येत नाहीत. त्यामुळे वस्तू सुस्थितीत असतानाच तिच्या आकाराबरोबर तिच्या स्पर्शाचीही नोंद करणे महत्त्वाचे ठरते.