रक्षक-नौका आणि मागची जहाजे

अंतराळातील लढायांच्या कथा हा विषय चळवळीतल्या माणसाने कशाला घ्यावा, असे आपणांस वाटेल. परंतु त्या कथांतील रक्षक-नौका आकाशातून पडलेली नाही. ती अटलांटिक महासागरातून वर गेली आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला धान्य व तेल पुरविणारी जहाजे तांड्याने निघत. त्यांच्या राखणीला ‘फ्लॉवर’ वर्गाच्या चिमुकल्या कॉर्व्हेट असत. देवमासे मारणाऱ्या बोटीवरून त्यांचा आराखडा बेतलेला. वेग अवघा १६ नॉट. जर्मन पाणबुडी पाण्यावर येऊन धावू लागली, की तीच पुढे निघून जाई! ब्रिटिश व्यापारी जहाजांवर आपले रत्नागिरीचे, गोव्याचे खलाशीही होते. १९३९ साली हिंदी खलाशांनी पगारवाढीसाठी संप केले, आणि कित्येकांना तुरुंगात जावे लागले. राखण करणाऱ्याची कीर्ती झाली. ज्याची राखण झाली त्याची हकीकत कोणी विचारली नाही.

अंतराळकथांतही बहुधा हेच घडते. ‘स्टार ट्रेक’च्या एका मालिकेत १९९४ साली ‘डिफायंट’ नावाची नौका आली. कागदोपत्री रक्षक-नौका, प्रत्यक्षात निव्वळ युद्धनौका. कागदावर हुद्दा एक आणि काम दुसरे, हा प्रकार आम्हांला नवा नाही.

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ मात्र निराळी. १९७८ची ही मालिका २००३ पासून नव्याने निघाली. पन्नासएक हजार निर्वासितांचा जहाजतांडा आणि राखणीला एक प्रचंड युद्धनौका. मुलाच्या आग्रहास्तव मी तिचा २००७चा ‘डर्टी हँड्स’ हा भाग पाहिला आणि चकित झालो. तांड्याचे इंधन शुद्ध करणारे कामगार विश्रांतीवाचून राबतात. बापाचे काम पोराच्या गळ्यात पडते. युद्धनौकेवरचाच मुख्य तंत्रज्ञ टायरॉल संप पुकारतो. सेनापती अडामा म्हणजे तांड्याचा राखणदार! तो टायरॉलच्या बायकोला गोळी घालण्याची धमकी देतो. टायरॉल संप मागे घेतो, आणि मगच राष्ट्राध्यक्षा रॉस्लिन त्याला बोलणीस बोलावतात.

आधी संप मोडायचा, मग खुर्ची पुढे करायची, हा क्रम मी उभ्या आयुष्यात अनेकदा पाहिला आहे. टायरॉल त्या खुर्चीवर बसला. कामगारांना आळीपाळीने सुटका मिळावी, हे त्याने मान्य करून घेतले.