चार इंचांची पट्टी : मॉरिस मायनर, मिनी आणि स्मरणरंजन

जुन्या ब्रिटिश मोटारींविषयी जे प्रेमाने लिहिले गेले आहे, त्याचा एक विशेष चटकन ध्यानात येतो. ह्या लेखनात गुणांपेक्षा दोषांचेच वर्णन अधिक ममतेने केलेले असते. दमट सकाळी सुरू होण्यास नकार देणारे इंजिन, गाडी उभी राहील तेथे उमटणारा तेलाचा डाग, मध्येच मालवणारे दिवे. बर्मिंगहॅमच्या जोसेफ ल्यूकस कंपनीच्या विद्युत्-साहित्यावर तर विनोदांचे एक मौखिक वाङ्मयच उभे आहे. सैतानासाठी इंग्रजीत रूढ असलेले ‘अंधाराचा अधिपती’ हे बिरुद मोटारवाल्यांनी थेट त्या जोसेफला बहाल करून टाकले. गळक्या कौलांचा वाडा आणि कुरकुरणारा जिना ह्यांवर आपल्या ललित गद्यानेही अशीच माया केली आहे. समीक्षेत अशा लेखनाला ‘स्मरणरंजन’ म्हणून आपण मोकळे होतो. परंतु हे रंजन नेमके कशाचे स्मरण करते आणि कशाचे विस्मरण, हे वस्तूच्या इतिहासाशी ताडून पाहिल्याशिवाय समजत नाही. त्यासाठी मॉरिस मायनर आणि मिनी ह्या दोन मोटारी पुरेशा आहेत.

‘मॉरिस’ ह्या नावापाशी साहित्याच्या विद्यार्थ्याने क्षणभर थांबावे. ऑक्सफर्डशी नाते असलेले विलियम मॉरिस दोन. पहिला कवी, नक्षीकार, हस्तव्यवसायाचा कैवारी. १८९६ मध्ये वारला. दुसरा १८७७ मध्ये जन्मलेला, सायकली दुरुस्त करता करता १९१३ मध्ये आपली पहिली ‘मॉरिस ऑक्सफर्ड’ मोटार विकू लागलेला आणि पुढे लॉर्ड नफील्ड झालेला कारखानदार. पहिल्याने यंत्रोत्पादनाचा धिक्कार केला, दुसऱ्याने त्याच गावाच्या काउली भागात मोटारींचा कारखाना उभारला. दोघांचा परस्परांशी काही संबंध नाही; तरीही इंग्रज मनाच्या दोन ओढींना एकच नाव मिळावे, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो.

ह्या दुसऱ्या मॉरिसच्या कंपनीत १९३६ साली अ‍ॅलेक इसिगोनिस दाखल झाला. जन्म १९०६, स्मर्ना म्हणजे आजचे इझमीर. वडील ग्रीक वंशाचे परंतु ब्रिटिश नागरिक, आई जर्मन. १९२२ च्या ग्रीक-तुर्की युद्धात ते शहर होरपळले आणि कुटुंबाला परागंदा व्हावे लागले. वडील वाटेत माल्टाला वारले. आईबरोबर इंग्लंडला आलेल्या ह्या मुलाने बॅटरसी येथे अभियांत्रिकी शिकताना गणितात तीनदा गटांगळी खाल्ली. तो विचार करी तो चित्रांतून. ‘अस्सल इंग्रज’ म्हणून जिचे गोडवे गायिले जातात ती मोटार ह्या निर्वासिताच्या रेखाटनवहीतून उतरली, ही गोष्ट तिच्या चाहत्यांनी लपविलेली नाही, पण तिच्यावर फारसा विचारही केलेला नाही.

युद्धकाळात ‘मॉस्किटो’ ह्या नावाने आरंभलेली ही गाडी ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात ‘मॉरिस मायनर’ म्हणून लोकांसमोर आली. लॉर्ड नफील्डला ती मुळीच आवडली नव्हती. त्याने तिला पोच केलेल्या अंड्याची उपमा दिली असे सांगतात. तिच्या जन्मकथेतला एक प्रसंग मात्र मला फार महत्त्वाचा वाटतो. नमुना तयार झाल्यावर इसिगोनिसला ती अरुंद वाटू लागली. त्याने ती गाडी लांबीत, मधोमध कापून घेतली, दोन्ही अर्धी हळूहळू एकमेकांपासून दूर सरकवली आणि डोळ्यांना प्रमाण पटले तेथे थांबवली. अंतर भरले चार इंच. तोवर बंपर बनून आले होते. ते मधोमध कापून त्यांत चार इंचांचा तुकडा बसवावा लागला. बॉनेटच्या मध्यावरून जाणारी उंच सपाट पट्टी ही त्याच चार इंचांची खूण. कवीने एखादा शब्द बदलावा आणि खाडाखोड तशीच छापून यावी, तसे हे आहे. पुढच्या पिढ्यांना ती पट्टी म्हणजे खास शैली वाटली!

१९५२ मध्ये मॉरिस आणि ऑस्टिन ही जुनी प्रतिस्पर्धी घराणी ‘ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन’मध्ये एकत्र आली आणि मायनरला ऑस्टिनचे इंजिन मिळाले. खेड्यापाड्यांतून फिरणाऱ्या परिचारिका, गस्तीचे पोलीस, टपालखाते ह्या सर्वांची ती गाडी झाली. दहा लाखांचा टप्पा गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार. त्या निमित्ताने ३५० गाड्या फिक्या जांभळ्या रंगात रंगविल्या गेल्या. ह्या कुटुंबातली ‘ट्रॅव्हलर’ तर मागच्या बाजूला अ‍ॅश लाकडाची चौकट मिरवी. हे लाकूड शोभेचे नव्हते, सांगाड्याचाच भाग होते. ते कुजले की गाडी अधू. शेवाळ धरणारी मोटार जगात दुसरी नसावी. कवी मॉरिसला ती नक्की आवडली असती.

मिनीची कथा निराळ्या कारणाने इतिहासाची आहे. जुलै १९५६ मध्ये नासरने सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले, ब्रिटन व फ्रान्स ह्यांची लष्करी चढाई अंगाशी आली आणि डिसेंबरात ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. काटकसरीच्या जर्मन ‘बबल’ गाड्या इंग्लंडच्या रस्त्यांवर दिसू लागल्या. कंपनीचा प्रमुख लिओनार्ड लॉर्ड ह्याला त्यांचा तिटकारा होता. त्याने इसिगोनिसला खरीखुरी छोटी मोटार बनविण्यास सांगितले. ती दहा फुटांत मावणार होती. इसिगोनिसने इंजिन आडवे बसवले, गिअरबॉक्स त्याच्या खाली तेलाच्या टाकीत घातला, चाके दहा इंचांची केली आणि स्प्रिंगांच्या जागी अ‍ॅलेक्स मोल्टनचे रबरी शंकू वापरले. चार माणसे ऐसपैस बसली. २६ ऑगस्ट १९५९ रोजी ती बाजारात आली तेव्हा किंमत पाचशे पौंडांच्या आत होती. साम्राज्य आटले आणि त्या आटण्याच्या मापाची मोटार निघाली, असे मी वर्गात म्हणत असतो. विद्यार्थ्यांना ते अतिशयोक्तीचे वाटते, पण कालक्रम तरी माझ्या बाजूने आहे.

आरंभीच्या मिनीत पावसाचे पाणी शिरे, कारण तळाच्या पत्र्यांचा जोड उलट्या दिशेने दिलेला होता. ह्या गोष्टीवर आज हसतात. परंतु हसण्यासारखी नसलेली गोष्ट पुढेच आहे. फोर्ड कंपनीने एक मिनी विकत घेऊन सुटी केली, प्रत्येक भागाचा खर्च मांडला आणि ही गाडी तोट्यात विकली जाते असा निष्कर्ष काढला. १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये मिनीने मॉन्टे कार्लोची शर्यत जिंकली. तिजोरी भरली नाही. १९६८ मध्ये सर्वांची मोट बांधून ‘ब्रिटिश लेलँड’ झाली, १९७५ मध्ये सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. संपांचे ते दशक. स्मरणरंजनाची लबाडी मला येथे दिसते. ते गाडी जतन करते, तिची पट्टी, तिचे शेवाळ जतन करते. पण लाँगब्रिजच्या जुळणीरांगेवर उभा असलेला कामगार किंवा वेस्ट मिडलंड्सच्या ओतशाळांत राबणारा पंजाबी मजूर त्या चित्रात नसतो. असलाच, तर ‘संपवाल्यांनी उद्योग बुडवला’ ह्या एका वाक्यापुरता. किंमत ठरविताना खर्चाचा हिशेब न मांडणारे साहेब त्या वाक्यातून अलगद सुटतात.

आपल्याकडची माया वेगळ्या जातीची आहे. मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती इंग्लंडमध्ये १९५६ ते १९५९ एवढीच बनली. तिचाच आराखडा बंगालातील उत्तरपाडा येथे ‘अ‍ॅम्बॅसडर’ म्हणून २०१४ पर्यंत निघत राहिला. मंत्रालयाच्या आवारातली लाल दिव्याची पांढरी गाडी ती हीच. इंग्रज माणूस मायनरची आठवण काढतो ती त्याने निवडलेल्या गाडीची. आपण अ‍ॅम्बॅसडरची काढतो ती परवाना-राज्याने आपल्यासाठी निवडलेल्या गाडीची. दोन्ही आठवणींचा सूर एकसारखा भासला तरी त्यांना एकाच शब्दाखाली टाकणे मला पटत नाही. २००८ मध्ये टाटांनी जॅग्वार व लँड रोव्हर घेतल्या तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी इतिहासाची परतफेड झाल्याचा आनंद साजरा केला; त्या आनंदातही साहेबाच्या मोटारीचा जुना मान शाबूत होताच.

मायनर १९७१ मध्ये आणि जुनी मिनी, पन्नास लाखांहून अधिक गाड्यांनंतर, ऑक्टोबर २००० मध्ये थांबली. मायनर मात्र अजून रस्त्यावर दिसते. चाहत्यांना सुटे पत्रे हवे असतात, आणि ते ठोकून देण्याचा उद्योग १९९० च्या दशकात उभा राहिला तो काउलीत नव्हे, श्रीलंकेत.